कापूर कोणत्या घराण्यातला

मी, खाली सही करणारी, निवृत्त प्राध्यापिका, विषय वनस्पतींचं वर्गीकरण, वय पंचाहत्तरीच्या पुढे, विद्यार्थ्यांत आणि आता या गल्लीतही 'चुरगळबाई' म्हणून ओळखली जाणारी (दिसलं पान की चुरगळून नाकाला लावायची खोड आहे, ती सुटलेली नाही), हे मृत्युपत्र स्वखुशीनं आणि स्वतःच्या हातानं लिहिते आहे. माझ्यावर कुणाचं दडपण नाही. दडपण आणायला कुणी येतच नाही. डोळे चष्म्यासकट ठीक, नाक शाबूत, हृदयाची एक झडप तेवढी कामातून गेली आहे. ती बदलायला येत्या सोमवारी मला टेबलावर घेणार आहेत. डॉक्टर म्हणाल्या, "काळजीचं काही कारण नाही, पण कागदपत्रं करून ठेवलेली बरी." यातलं पहिलं वाक्य जास्त खरं की दुसरं, ते मी विचारलं नाही.

वकीलबाई टाइप केलेला मसुदा घेऊन आल्या होत्या. त्यात माझी अख्खी बाग 'झाडे, झुडपे इत्यादी' एवढ्या तीन शब्दांत उरकली होती. मी म्हटलं, "इत्यादी कोण? त्यातलं कुणाचं नाव इत्यादी आहे?" त्या माझ्या जुन्या विद्यार्थिनी. त्यांनी कोरे कागद काढून दिले.

मला दोनच गोष्टी हव्या आहेत. एक, दालचिनीच्या प्रजातीतली माझी सगळी झाडं माझ्यामागे एकाच हातात राहावीत. दुसरी, माझा धाकटा भाऊ भर कोर्टात माझ्याबद्दल जे वाक्य बोलला, ते त्यानं मी सोमवारी आत जाण्याआधी परत घ्यावं. पहिलीला कायदा पुरेसा आहे. दुसरीचं काय करायचं ते शेवटच्या कलमात येईल.

कलम एक. यापूर्वीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. ते मी कोर्टातून घरी आल्या आल्या, चपला काढायच्या आधी लिहिलं होतं. त्यात धाकट्याला चार पानं शिव्या आहेत आणि मालमत्तेचा उल्लेख करायचा राहून गेला आहे.

कलम दोन. माझं राहतं घर, म्हणजे वडिलांच्या जोडघराचा डावा अर्धा भाग, माझ्या भाचीला. भाची म्हणजे धाकट्याची मुलगी. ती सुतारकाम करते, हात सरळ आहे आणि जीभही. मधल्या खोलीचं दार पावसाळ्यात फुगतं. ते तिनं मी असतानाच तासून द्यायचं कबूल केलं होतं आणि दिलेलं नाही. आता घर तिचंच होणार म्हटल्यावर बघू किती दिवस लावते.

कलम तीन. झाडं कुठून आली आणि भांडण कुठून आलं, हे इथे लिहून ठेवणं भाग आहे, कारण वकीलबाई सोडल्या तर ते कुणालाच धड कळलेलं नाही. लोकांना वाटतं जमिनीवरून आहे.

आमचे वडील सुगंधी तेलं काढायचे. मागच्या शेडमध्ये तांब्याचं मोठं भांडं होतं, त्यात सालं आणि पानं उकळून त्यांचा अर्क काढायचा आणि साबणवाल्यांना, मलमवाल्यांना विकायचा, हा धंदा. त्या नादात त्यांनी दालचिनीच्या नात्यातलं मिळेल ते झाड आणून मागच्या बागेत लावलं. या प्रजातीत अडीचशेच्या आसपास प्रकार आहेत असं आम्हाला शिकवत, सगळे सदाहरित. वडिलांना ते सगळे लावायचे होते. जागा संपली म्हणून थांबले, हौस संपली म्हणून नाही.

प्रजाती म्हणजे झाडाचं आडनाव समजा. खरी दालचिनी, जाड सालीची दालचिनी, तमालपत्र, कापूर, ही सगळी एका आडनावाची भावंडं. तोंडावळा एक: पानाच्या बुडापासून निघालेल्या तीन ठळक शिरा, आणि फळाखाली बारकीशी वाटी. स्वभाव मात्र प्रत्येकाचा निराळा. खऱ्या दालचिनीचंच घ्या. सालीला दालचिनीचा वास, पान चुरगळलं तर लवंगेचा, आणि मूळ उकरून हुंगलं तर कापराचा. एकाच झाडात तीन वास, आणि तिघं गुण्यागोविंदानं राहतात. आमच्या घरात दोघांना जमलं नाही.

वडिलांनी मृत्युपत्र करायला घेतलं तेव्हा जमीन मधोमध वाटली: डावी माझी, उजवी धाकट्याची. झाडं मात्र तशी वाटली नाहीत. ते म्हणाले, "ताईला दालचिनीचं वेड आहे, ती झाडं तिची. एकेक नाव लिहू का?" धाकटा तेव्हा कॉलेजात नवा नवा जात होता आणि त्याला सगळं येत होतं. तो म्हणाला, "एकेक कशाला बाबा? प्रजातीचं नाव लिहा. सगळी आली त्यात. आणि शास्त्रीय नाव आहे, ते कधी बदलत नाही." वडिलांना शास्त्रीय नावाचा कोण अभिमान! त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं: दालचिनीच्या प्रजातीतली सगळी झाडं, ती कोणत्याही बाजूला उभी असोत, मुलीची, उरलेली सगळी मुलाची.

उरलेल्यात त्याला एक एवोकॅडो, दोन लिंबं आणि एक लॉरेल (विलायती स्वयंपाकातल्या पानाचं झाड) मिळालं. पुष्कळ वर्षं त्यानं हूं की चूं केलं नाही. माझी कापराची दोन मोठी झाडं त्याच्या बाजूला उभी होती, मी मधून जायची-यायची, वहिनी चहा द्यायची, झाडाखाली खुर्च्या टाकून आम्ही दोघं पानाच्या शिरांवरून वाद घालायचो. तेव्हाचे ते वाद मला आजही हवे आहेत.

मग आमच्या क्षेत्रातल्या अभ्यासकांनी झाडांची जनुकं तपासली आणि कापूर व त्याचे जवळचे सोयरे दालचिनीतून काढून वेगळ्या प्रजातीत घातले. धाकटा जनुकांच्याच प्रयोगशाळेत नोकरी केलेला. त्याला हर्ष झाला. त्यानं आमच्या उद्यान मंडळात यावर व्याख्यान दिलं, पडद्यावर चित्रं दाखवली. मी पहिल्या रांगेत बसले होते. व्याख्यान चांगलं झालं, हे मी तेव्हा बोलले नाही, आता लिहिते. आणि शेवटच्या चित्रानंतर हा पठ्ठ्या दिवा लावून सगळ्यांसमोर म्हणतो काय, "म्हणजे बाबांच्या मृत्युपत्राप्रमाणे कापराची झाडं माझी."

लोक हसले. त्यांना वाटलं विनोद आहे. आठवड्यात मला नोटीस आली.

कलम चार. मी याद्वारे जाहीर करते की कापूर हा दालचिनीच्याच प्रजातीतला आहे, होता, आणि माझ्यापुरता राहील. धाकट्याचे मुद्दे मला तोंडपाठ आहेत: कापराच्या कळीवर खवले असतात, दालचिनीच्या नसतात, कापराची पानं एकाआड एक येतात, दालचिनीची बहुतेक समोरासमोर, कापराच्या पानात शिरांच्या बेचक्यात बारीक खळगे असतात, त्यात डोळ्यांना न दिसणारे किडे संसार थाटतात. सगळं कबूल. माझी आत्या डावखुरी होती, आंघोळ करताना गायची आणि तिच्या घरी भाडेकरू होते. म्हणून तिचं आडनाव नाही कुणी बदललं.

वकीलबाई म्हणतात की या कलमाचा मालमत्तेशी काही संबंध नाही, काढून टाका. काढणार नाही.

कोर्टाचंही इथेच सांगून टाकते. न्यायाधीशबाईंना त्या दिवशी सर्दी झाली होती. मी कापराचं पान चुरगळून त्यांच्याकडे पाठवलं, त्यांनी नाकाला लावलं आणि त्या दिवसातला पहिला मोकळा श्वास घेतला. माझ्या बाजूनं एवढा एकच पुरावा टाळ्यांच्या लायकीचा होता. निकाल मात्र साधा आणि शहाणा होता: वडिलांनी लिहिलं तेव्हा त्या नावात जी झाडं मोडत होती, ती मुलीची. कोण कुणाचं आडनाव लावतं हे ठरवायला कोर्टाला वेळ नाही. मला झाडांची देखभाल करायला धाकट्याच्या बाजूला जायची परवानगीही दिली.

पण निकालाच्या आधी धाकटा साक्षीला उभा राहिला होता. वकीलबाईंनी त्याला विचारलं, "आपली बहीण याच विषयाची प्राध्यापिका आहे ना?" त्यावर तो माझ्याकडे बघून म्हणाला, "होती. आता तिचं डोकं ठिकाणावर नाही. डोळ्यांसमोरचा पुरावा तिला दिसत नाही. झाडांशी बोलते. माझी बहीण भ्रमिष्ट झाली आहे, आणि हे मी शपथेवर सांगतो."

मी खटला जिंकले आणि घरी येऊन जेवले नाही. झाडांशी मी पहिल्यापासून बोलते, हे त्याला लहानपणापासून माहीत आहे. त्याला झोपवताना मी झाडांचेच आवाज काढायची. गल्लीत ते वाक्य माझ्याआधी पोचलं होतं. दूधवाला महिनाभर माझ्याशी सावकाश आणि मोठ्यानं बोलायचा. मला ते लागलं. फार लागलं.

कलम पाच. दालचिनीच्या प्रजातीतली माझी सर्व झाडं, कापरासकट, भाचीला. मोडायची नाहीत, विकायची नाहीत, वाटायची तर मुळीच नाहीत. ओळख करून देते:

विहिरीजवळची खरी दालचिनी. हिची कोवळी पालवी लालभडक येते. शेजारीपाजारी 'झाडाला रोग पडला' म्हणून सांगायला येतील. त्यांना चहा देऊन परत पाठवावं. ही जमिनीलगत छाटली तरी पुन्हा फुटते, तेव्हा छाटायला भिऊ नये.

शेडमागची जाड सालीची. बाजारात दालचिनी म्हणून पुष्कळदा हिचीच साल मिळते, कडक आणि तिखट. हिनं माझ्या दोन मिक्सरची पाती मोडली. भाचीनं हिला करवत वापरावी, मिक्सर नाही.

तमालपत्राचं झाड, खिडकीपाशी. याची पानं गल्लीतले सगळे मागून नेतात आणि झाडाला पाणी मात्र कुणी घालत नाही.

लिंबाच्या वासाची, कुंपणाच्या कोपऱ्यात. पान चुरगळलं की गवती चहाचा भास होतो. ही जरा हट्टी आहे, जास्त लाड चालत नाहीत.

कापूर, थोरला आणि धाकला, दोन्ही उजव्या बाजूला. थोरल्याचं पान कुणीही ओळखील. धाकल्यात मात्र कापराचा वास औषधालाही नाही. दिसायला अगदी थोरल्यासारखा, वास फुलांचा, महागड्या साबणासारखा. एकाच प्रकारात असेही निघतात. वडील त्याला 'आमचा न बिघडलेला मुलगा' म्हणायचे आणि धाकट्याकडे बघायचे.

वकीलबाई म्हणाल्या, "बाई, मृत्युपत्रात वास लिहीत नाहीत. मालमत्ता लिहितात."

मी म्हटलं, "वास काढला तर मागं जळण उरतं. जळण लिहू का?"

त्यांनी मान खाली घातली आणि 'वासासकट' असा शब्द स्वतः सुचवला. तो इथे घालते: वासासकट.

कलम सहा. जाळीबद्दल. खटला हरल्यावर धाकट्यानं बागेच्या मधोमध तारेची जाळी ठोकली आणि एक कुत्रं पाळलं. कुत्र्याचं नाव ठेवलं 'अपील'. वरच्या कोर्टात जायचा खर्च झेपेना, तेव्हा निदान अपील घरात तरी असावं, असा हिशोब. आता पहाटे त्याचं सुरू होतं, "अपील! अपील, इकडे ये!" आणि अख्ख्या गल्लीला वाटतं खटला अजून चालू आहे.

मला झाडांपाशी जायचं तर रस्त्यावरून फिरून त्याच्या पुढच्या दारी जायचं आणि घंटा वाजवायची, असा त्याचा नियम. जिच्या अंगाखांद्यावर वाढला तिनं घंटा वाजवायची! मी वाजवली नाही. त्यानंही माझी वाजवली नाही. वहिनी होती तोवर निरोप तरी सरळ पोचायचे. ती गेल्यापासून तो कुत्र्याशी बोलतो आणि मी झारीशी.

गेल्या आठवड्यातलं संभाषण जसंच्या तसं देते. मी तमालाला पाणी घालत होते.

"अपील," तो पलीकडून म्हणाला, "काही लोकांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे म्हणे. आणि भरलेली झारी उचलतात. ह्याला काय म्हणावं?"

"झारी," मी म्हटलं, "काही लोकांना दुसऱ्याच्या हृदयाची फार काळजी. स्वतःला ते आहे की नाही ते आधी तपासून घ्यावं म्हणावं."

"अपील, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं का, ते विचार."

"दाखवलं."

"मी तिला नाही विचारलं, अपील. मी तुला विचारलं."

"आणि मी झारीला सांगितलं."

 नंतर नळाचा आवाज आला. तो कापरांना पाणी घालत होता. हे तो रोज करतो. एकदा मी स्वतः ऐकलंय, कुत्र्याला समजावत होता, "आपली नाहीत रे ही. पण तहानलीत." झाडं माझी, पाणी त्याचं, आणि कोर्टाच्या निकालात याबद्दल एक अक्षर नाही.

तेव्हा माझ्यामागे भाचीनं पहिलं काम हे करावं की पक्कड घेऊन ती जाळी कापावी. बापाची परवानगी मागू नये. कुत्र्याची मागितली तरी चालेल.

कलम सात. हत्यारं. साल काढायची वाकडी सुरी आणि साल सुटी होण्याआधी घासायचा पितळी दांडा भाचीला. पानं दाबायची लाकडी चौकट, वाळवलेले सगळे नमुने आणि भिंग माझ्या कॉलेजला, अशा अटीवर की ते माळ्यावर टाकणार नाहीत. टाकणार आहेत, मला माहीत आहे, पण अट लिहून ठेवते.

वडिलांचं तांब्याचं भांडं मी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला द्यायचं ठरवलं होतं. त्याचा त्या भांड्यावर फार वर्षांपासून डोळा आहे. काल त्याला साक्षीदार म्हणूनही बोलावलं. वकीलबाईंनी मध्येच हात वर केला. म्हणाल्या, "ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं, त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं. झाला तर त्याचं देणं जातं."

औषधवाल्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "म्हणजे सही की भांडं?"

"सही की भांडं."

तो माझ्याकडे बघे, शेडकडे बघे. शेवटी म्हणाला, "बाई, सही करतो. भांडं तुम्ही बऱ्या होऊन आलात की जिवंतपणीच द्या. त्याला साक्षीदार लागत नाहीत."

मोठा चतुर माणूस. त्याच्या दुकानातली मुदत संपलेली मलमं मी आता त्याला माफ केली आहेत. भांडं तूर्त भाचीच्या नावावर ठेवते.

पण त्या गोष्टीनं मला रात्रभर जागं ठेवलं. भांड्यापायी नव्हे. ते पुढे येईल.

कलम आठ. जुने हिशोब. उद्यान मंडळाच्या चिटणिसांना मी दोन पानं देते आहे, काचेत बसवून. एक लॉरेलचं, एक तमालाचं. त्यांनी मंडळाच्या प्रदर्शनात लॉरेलखाली 'तमालपत्र' अशी पाटी लावली होती आणि मी दाखवून दिल्यावर म्हणाले, "पान ते पान." लॉरेलला मधोमध एकच शीर, तमालाला तीन. चिटणिसांनी दोन्ही रोज सकाळी पाहावीत. फरक दिसला की पुरे, मला कळवायची गरज नाही.

शेजारच्या माडीवरच्या बाईंना, ज्या 'सदाहरित म्हणता मग पानं का गळतात' असं गेली कित्येक वर्षं विचारत आहेत आणि पन्हाळीत पान अडकलं की मला हाक मारत आहेत: माझा लांब दांड्याचा झाडू. आणि उत्तर. सदाहरित म्हणजे पानं गळत नाहीत असं नाही. नवी आल्याशिवाय जुनी सगळी सोडत नाहीत, एवढंच.

कलम नऊ. बँकेत जे आहे त्यातून आधी दवाखान्याचं बिल भागवावं. उरेल ते झाडांच्या पाण्याला. त्यातही काही उरलं तर भाचीनं एक चांगली करवत घ्यावी आणि मधल्या खोलीचं दार तासावं.

कलम दहा. माझ्या धाकट्या भावाला या मृत्युपत्रानं काहीही मिळू नये. झाड नाही, फांदी नाही, पान नाही, हुंगायला चुरगळलेलं पानसुद्धा नाही. आमच्या लहानपणीची जी एक लाकडी घसरगुंडी शेडमध्ये पडून आहे, तीही नाही. मी हे रागानं लिहीत नाही. पूर्ण विचार करून लिहिते.

भाचीनं हे वाचलं आणि खुर्चीवरून उठली. "आत्या, हे काय? बाबा सकाळपासून जाळीला नाक लावून उभे आहेत. त्यांना कापराची झाडं तरी दे. झाडं नकोच आहेत त्यांना, पण तू दिलीस तर..."

"देणार नाही," मी म्हटलं.

"एक तरी?"

"एक पान नाही."

पलीकडून कुत्रं भुंकलं. मग धाकट्याचा आवाज आला, "अपील, चल आत. इथे आपल्याला कुणी काही देत नाही." आवाज नेहमीचा नव्हता.

कलम अकरा आणि शेवटचं. साक्षीदारांविषयी.

साक्षीदार दोन लागतात. त्यांना सहीबरोबर दोन गोष्टी सांगाव्या लागतात: मृत्युपत्र करणाऱ्यानं त्यांच्यासमोर सही केली, आणि करणारा माणूस पूर्ण भानावर आहे, त्याचं डोकं ठिकाणावर आहे. पहिला साक्षीदार औषधवाला. दुसऱ्या जागेसाठी डॉक्टरीणबाई तयार होत्या, दूधवाला तयार होता, माडीवरच्या बाई तर झाडूवर पाणी सोडून यायला निघाल्या होत्या. मी सगळ्यांना नको म्हटलं.

दुसरी जागा मी धाकट्यासाठी मोकळी ठेवली आहे. म्हणून त्याला काही दिलेलं नाही. एक पान दिलं असतं तरी वकीलबाईंनी त्याला उठवलं असतं. झाडं त्याच्या मुलीला दिली आहेत, तो ती रोज बघणारच आहे, पाणी घालणारच आहे, आणि 'आपली नाहीत' असं कुत्र्याला सांगायचं आता कारण उरणार नाही. माझ्याकडून त्याला द्यायचं होतं ते एवढंच: या कागदावरची एक रिकामी जागा.

धाकट्या, तू शपथेवर बोललास म्हणून मला तोंडी माफी चालणार नाही. शपथेवरचं वाक्य कागदावरच उलटलं पाहिजे. कापूर तुझ्या पुस्तकात कुठेही ठेव, मी तुझ्यापुढे हात टेकले. पण माझं डोकं ठिकाणावर आहे हे डॉक्टरांच्या दाखल्यात लिहून मला काय करायचंय? ते तुझ्या अक्षरात हवं. तू नाही आलास, तर हा कागद सोमवारी अर्धवट राहील, आणि झाडं कायद्यानं कशी वाटली जायची तशी वाटली जातील. मी दुसरा साक्षीदार शोधणार नाही. हा हट्ट आहे. भ्रम नाही.

भाचीला मी हे कलम जाळीपाशी जाऊन मोठ्यानं वाचायला सांगितलं. तिनं वाचलं.  पलीकडून कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. आम्ही चौघं टेबलाभोवती बसून राहिलो. वकीलबाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं. औषधवाल्यानं तीनदा शेडकडे पाहिलं. मी लिहायचं थांबले होते. आता पुन्हा लिहिते आहे, कारण पुढच्या दाराची घंटा वाजली आहे.

भाची उघडायला गेली आहे. तो टेबलापाशी आला की मी सही करते.

ठिकाण: मागच्या बागेतलं टेबल, जाळीच्या डाव्या बाजूला, थोरल्या कापराची फांदी इथवर येते त्या सावलीत.
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा शनिवार, दुपार.

(सही) मृत्युपत्र करणारी, उर्फ चुरगळबाई

साक्षीदार पहिला: कोपऱ्यावरचा औषधवाला. बाईंनी माझ्यासमोर सही केली. बाई पूर्ण भानावर आहेत. माझ्या मलमांच्या तारखा त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. भांड्यावरचा हक्क आजच्यापुरता सोडला आहे. (सही)

साक्षीदार दुसरा: मृत्युपत्र करणारीचा धाकटा भाऊ, निवृत्त, राहणार उजवीकडचं घर.

मी रस्त्यानं फिरून आलो आणि घंटा मीच वाजवली. ताईनं माझ्या देखत सही केली. तिचं अक्षर सरळ आलं, माझं वाकडं येतंय, समजून घ्यावं. [खोडलेलं: कलम चारमधलं कापराबद्दलचं विधान सोडून बाकी सर्व बाबतींत] माझी बहीण पूर्ण भानावर आहे आणि तिचं डोकं ठिकाणावर आहे. मी कोर्टात बोललो तेव्हाही ते ठिकाणावर होतं. ठिकाणावर नव्हतं ते माझं. हे मी शपथेवर लिहितो.

खोडाखोडीबद्दल: साक्षीदाराला अट घालता येत नाही असं वकीलबाई म्हणाल्या, म्हणून वरचे शब्द मी स्वतः खोडले आणि शेजारी सही केली. ताई दवाखान्यातून घरी आली की तेच शब्द कापराखाली खुर्च्या टाकून तिच्या तोंडावर म्हणायचा हक्क मी राखून ठेवतो. तेवढ्यासाठी तिनं परत यावं.

(सही) धाकटा